वाचकांचे प्रश्न : ब्लॉग नको, पण स्वतःची जागा हवी

गेल्या दोन महिन्यांत किनारपट्टीवरून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत मांडली आहे. सांगण्यासारखं जवळ आहे, पण दर आठवड्याला ब्लॉग लिहिणं जमणार नाही. मग स्वतःचं संकेतस्थळ केलं तर ते लोकांच्या नजरेत कसं भरेल? त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे माशांच्या नावांची वही आहे. एकाच माशाचं मालवणातलं नाव वेगळं, रत्नागिरीतलं वेगळं आणि मुंबईच्या बाजारातलं आणखी वेगळं. दोनशेच्या आसपास नोंदी झाल्या आहेत. मुलं म्हणतात, ब्लॉग काढा. पण नोंदी संपल्या की पुढे काय लिहू? — निवृत्त शिक्षक, मालवण

ब्लॉग काढू नका. ब्लॉगची मांडणी तारखेवर चालते. सुरमईची नोंद मार्चमध्ये टाकलीत, तर जूनपर्यंत ती बाकीच्या नोंदींच्या तळाशी गेलेली असेल. तुमच्याकडे येणारा माणूस मार्च महिना शोधत येणार नाही, मासा शोधत येईल. तेव्हा एका माशाला एक पान द्या. त्या पानाचा पत्ता कायमचा ठेवा आणि नवी माहिती मिळाली की त्याच पानावर भर घाला. नोंदी संपल्या तर संपू द्या. पूर्ण झालेला कोश हा बंद पडलेला ब्लॉग नसतो.

प्रत्येक पानावर माहितीचा क्रम एकच ठेवा : मथळ्यात तुमच्या गावचं नाव, खाली इतर नावं, मग शास्त्रीय नाव, ओळखायच्या खुणा, हंगाम आणि शेवटी ही माहिती कुठल्या बंदरावर किंवा बाजारात मिळाली ते. इतर नावांपुढे गाव लिहायला विसरू नका. ‘सुरमई म्हणजे इसवण’ एवढं कुठेही वाचायला मिळतं. इसवण कुठून कुठपर्यंत म्हणतात आणि कुठल्या बंदरापासून सुरमई सुरू होते, हे मात्र तुमच्या वहीतच असणार. शास्त्रीय नावाचाही मोठा उपयोग आहे. हलव्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात म्हणून अनेक जण त्याला पापलेटचा भाऊ समजतात. प्रत्यक्षात तो वेगळ्या कुळातला मासा आहे. बांगड्याच्या पानावर ‘रास्ट्रेलिगर कानागुर्टा’ लिहिलंत की केरळातल्या किंवा श्रीलंकेतल्या वाचकालाही आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते कळेल.

फोटोसाठी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावरची किंवा लिलावाआधीची वेळ गाठा, कारण मासा मेल्यावर त्याचा रंग काही तासांत उतरतो. मासा आडवा ठेवा, डोकं डावीकडे. कोशांत हाच रिवाज असल्यामुळे दोन मासे शेजारीशेजारी ताडून बघता येतात. खाली कोरडा, करड्या रंगाचा कागद आणि बाजूला सेंटिमीटरची पट्टी असू द्या. ओल्या खवल्यांवर फ्लॅश मारला की पांढरा डाग उमटतो आणि नेमकी ओळखायची खूण त्याखाली जाते.

पहिल्या पानावर ‘सुस्वागतम्’ नको आणि समुद्राचा मोठा फोटोही नको. थेट यादी द्या. ती अकारविल्हे लावताना एक गोष्ट तपासा. संगणक अक्षरांच्या सांकेतिक क्रमाने यादी लावतो, तेव्हा ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो. आपल्या वर्णमालेत दोन्ही ‘ह’च्या नंतर येतात. दोनशे नोंदी हाताने तपासायला तासभर पुरेल.

सुरुवात वीस पानांनी करा, पण ती वीस पूर्ण असू द्यात. नाव आणि ‘माहिती लवकरच’ अशी दोनशे पानं टाकली की वाचक दुसऱ्या पानावरूनच परत जातो. वीस पानं साध्या एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहायच्या मूळ भाषेत) हाताने करता येतात. त्यापुढे ह्यूगो किंवा इलेव्हन्टीसारखं साधन घ्या. त्यात मजकुराची फाइल वेगळी आणि पानाचा साचा वेगळा असतो, त्यामुळे माथ्यावरची एक ओळ बदलायची तर दोनशे फाइली उघडाव्या लागत नाहीत. तयार झालेली पानं गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायवर फुकट ठेवता येतात. गिटहब पेजेसवर एका संकेतस्थळाला १ जीबीची मर्यादा आहे. फोटो आवरून घेतलेत तर तुमचं काम त्यात आरामात मावेल.

प्रश्न : मी गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवते. तयार टेम्प्लेट घेऊन संकेतस्थळ केलं, पण ते कुठल्याही हॉटेलचं असावं तसं दिसतं. रंग बदलले, अक्षरं बदलली, तरी तेच. काय चुकतंय? — चित्रकार, सावंतवाडी

टेम्प्लेटची रचना ज्याने केली त्याच्यासमोर तुमची गंजिफा नव्हती. मोठा आडवा फोटो, खाली तीन चौकोन आणि त्याखाली ‘आमच्याविषयी’ हा साचा कोणालाही बसावा म्हणूनच केलेला असतो. रंग बदलून तो तुमचा होणार नाही. रचना विषयातून काढावी लागेल, आणि तुमच्या विषयात ती आयती आहे.

दशावतारी गंजिफेत १० रंग (म्हणजे पत्त्यांचे गट) आणि प्रत्येक रंगाची १२ पानं, म्हणजे १२० पानं. हाच संकेतस्थळाचा नकाशा धरा. पहिल्या पानावर दहा अवतारांचे दहा राजे, गोल, दोन ओळींत. मत्स्याच्या राजावर बोट ठेवलं की मत्स्याची बारा पानं उघडतील : राजा, प्रधान आणि एक ते दहा. वर मेनूची पट्टी लागणारच नाही. खेळ ठाऊक नसलेल्या माणसालाही दोन मिनिटांत गंजिफेची घडण समजेल. आमच्या मते, संकेतस्थळ वेगळं दिसतं ते असं, हलणाऱ्या अक्षरांनी आणि सरकत्या चित्रांनी नाही.

चित्रं चौकोनी कापा आणि गोलाई सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) बॉर्डर रेडियस ५० टक्के ठेवून आणा. चित्रच गोल कापून पीएनजी केलं तर फाइल काही पटींनी फुगते. एका पानाचं चित्र ४०० पिक्सेल रुंद आणि २५ केबीच्या आत ठेवलंत, तर बारा पानांचा रंग ३०० केबीत उघडेल. मोठं करून बघायचं १,६०० पिक्सेलचं चित्र वेगळं ठेवा. ते बोट लावल्यावरच उतरलं पाहिजे.

लाखेच्या चकाकीमुळे गंजिफेचा फोटो बिघडतो. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी पान सपाट ठेवा, उजेड बाजूने तिरपा येऊ द्या आणि कॅमेरा पानाला अगदी समांतर धरा. कॅमेरा जरा कलला तरी वर्तुळाचा अंडाकार होतो, आणि गोल पानात ती चूक लगेच दिसते. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवलात तर पुढे रंग दुरुस्त करताना पांढरं कुठलं ते सांगता येतं. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पिवळा हिरवट होतो.

पार्श्वभूमी फिकी आणि एकरंगी ठेवा. अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा. हे मोजणारी साधनं ब्राउझरमध्येच असतात. हळदी रंगावर पांढरी अक्षरं छान वाटतात, पण या मोजणीत हमखास नापास होतात आणि उन्हात फोनवर ती वाचताच येत नाहीत.

प्रश्न : राजापूर तालुक्यातल्या कातळशिल्पांचे फोटो मी गेली काही वर्षं काढतो आहे. पान उघडायला इतका वेळ लागतो की लोक कंटाळून बंद करतात. शहरात मात्र ते भराभर उघडतं. — हौशी छायाचित्रकार, राजापूर

पत्रासोबत पाठवलेल्या पानावर आठ फोटो आहेत आणि प्रत्येक सुमारे ४ एमबीचा, म्हणजे फोनमधून निघाला तसाच चढवलेला. एकूण ३२ एमबी. सड्यावरच्या (उंच खडकाळ माळावरच्या) वाडीत सेकंदाला ४०० किलोबिट एवढाच वेग मिळतो असं धरलं, तर १ एमबीला २० सेकंद लागतात आणि तुमच्या पानाला दहा मिनिटांहून अधिक. इतका वेळ कोणी थांबत नाही.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती करा : पानावर दिसायला ८०० पिक्सेल रुंद, मोठं करून बघायला १,६०० पिक्सेल. वेबपी स्वरूपात, गुणवत्ता ७५ च्या आसपास. पहिली प्रत साधारण १०० ते १२० केबीत बसते, मात्र कातळाचा पोत खडबडीत असेल तर थोडी वर जाते. स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि फोटो तुमच्या यंत्राबाहेर जात नाही. आठ फोटो मिळून १ एमबीच्या आत आले. आता वरचे दोन सोडून बाकीच्यांच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लोडिंग’ या गुणधर्मापुढे ‘लेझी’ लिहा, म्हणजे वाचक खाली सरकेल तसे ते उतरतील. पहिला पडदा पाच-सहा सेकंदांत भरतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहून ठेवा. नाहीतर फोटो उतरला की मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचत असलेली ओळ हरवते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो मूळ प्रत म्हणून धरू नका. तो आधीच दाबलेला असतो, आणि पुन्हा दाबला की कातळावरच्या बारीक रेघा पुसट होतात.

आता एक काळजीचा मुद्दा. फोनच्या फोटोत जीपीएसची अचूक जागा दडलेली असते. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण कितीतरी शिल्पं आजही उघड्या सड्यावर, खासगी जमिनीत, कुंपणाशिवाय आहेत. जागेची नोंद स्वतःच्या वहीत नीट ठेवा आणि संकेतस्थळावर चढवायच्या प्रतीतून ती काढून टाका. काढताना एक फसगत होते. फोटो उभा की आडवा ही माहितीही त्याच नोंदीत असते, म्हणून ती पुसली की काही फोटो आडवे पडतात. आधी फोटो फिरवून जतन करा, मग नोंद पुसा.

तुमचे बरेचसे फोटो दुपारचे दिसतात. उथळ कोरीव रेघ डोक्यावरच्या उन्हात सपाट होते. सूर्य उगवल्यावरच्या किंवा मावळायच्या आधीच्या तासात, तिरप्या उजेडात तीच रेघ सावली धरते. प्रत्येक शिल्पाच्या एका फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण असू द्या. पावसाळ्यात सड्यावर गवत माजतं, तेव्हा त्याच जागेवरून पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला असे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवलेत, तर तुमचं पान इतरांहून आपोआप निराळं होईल. तिथे पुन्हापुन्हा जाणारा माणूसच हे करू शकतो.

प्रश्न : माझ्या पाककृतींच्या पानावर ‘तिसऱ्या’ (शिंपल्या) हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोध घेतला तर सापडत नाही. शिवाय जुन्या टंकातला मजकूर चढवला तर भलतीच चिन्हं उमटतात. — गृहिणी, रत्नागिरी

पहिली अडचण मराठीची खास आहे. ‘तिसऱ्या’ मधला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एकीत खाली नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, मग जोडणारं एक अदृश्य चिन्ह आणि ‘य’. कागदावर दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. पानावर एक पद्धत आणि शोधणाऱ्याच्या कळफलकात दुसरी असली की चुकामूक झालीच. ‘ॲ’चंही तसंच आहे : तो सलग एक अक्षर म्हणून येतो, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. एकच पद्धत ठरवा (आम्ही नुक्त्याचा ‘ऱ’ सुचवू) आणि सगळ्या फाइलींत ‘शोधा आणि बदला’ चालवून मजकूर एकसारखा करा.

जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे, म्हणजे सगळ्या लिप्यांना एकच संगणकीय संकेतपद्धत येण्याआधीच्या. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट काढून घेतला की मागे अर्थहीन अक्षरं उरतात. फॉन्टचं नाव शोधून त्याच्याच परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत चुका राहतात.

संकेतस्थळाचा फॉन्ट निवडताना मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी बघा, दोन्ही फुकट आहेत. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचा ‘एमआर’ हा संकेत द्या. तो दिला नाही तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. अक्षरं १८ ते २० पिक्सेल आणि ओळीची उंची १.७ ठेवा, कारण आपल्या मात्रा वर आणि उकार खाली जातात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या १.४ उंचीत ‘र्कौ’ आणि वरच्या ओळीतला ‘द्धू’ एकमेकांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते.

प्रश्न : संकेतस्थळाचं नाव मराठीत घ्यावं का? — देवगड

घेता येतं. ‘डॉट भारत’ ही देवनागरी नावांची सोय २०१४ पासून आहे. पण तेच एकमेव नाव ठेवू नका. देवनागरी पत्ता यंत्रणेच्या आत रोमन अक्षरांत बदलून जातो आणि काही ठिकाणी चिकटवल्यावर ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य ओळ दिसते. लोक तो फसवा दुवा समजतात. मुख्य पत्ता रोमन लिपीत घ्या आणि मराठी पत्ता त्याकडे वळवा.

रोमन नाव पक्कं करण्याआधी तीन जणांना फोन करून ते फक्त उच्चारून सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, दीर्घ ईसाठी आय की दोन ई, यावर तिघांचं एकमत झालं नाही तर नाव बदला. नुसतं गावाचं किंवा ‘हापूस’ हे नाव घेऊ नका. त्या गर्दीत तुमचं पान ओळखू येणार नाही.

प्रश्न : दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की नुसती निळी ओळ दिसते, इतरांचं चित्र येतं. — वेंगुर्ले

पानाच्या हेड भागात ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शन आणि ओजी इमेज असे तीन मेटा टॅग घाला. दुव्यासोबत दिसणारा मथळा, वर्णन आणि चित्र त्यांतून घेतलं जातं. चित्र १,२०० बाय ६३० पिक्सेल, जेपीईजी, ३०० केबीच्या आत. त्याचा पत्ता ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण लिहा. अर्धा पत्ता ब्राउझरला चालतो, व्हॉट्सअ‍ॅपला चालत नाही. दुरुस्ती करूनही जुनंच दिसत असेल तर ते साठवलेलं आहे. दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठवून बघा. आणि प्रत्येक पानाला त्याचं स्वतःचं चित्र द्या. सगळीकडे एकच बोधचिन्ह असेल तर पान कशाबद्दल आहे हे न उघडता कळत नाही.

प्रश्न : गूगलवर माझं पान येतच नाही. — गुहागर

गूगल सर्च कन्सोलमध्ये नाव नोंदवा, मालकी पटवण्यासाठी मिळालेली ओळ डोमेनच्या (संकेतस्थळाच्या नावाच्या) डीएनएस नोंदींत टाका आणि साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, द्या. त्यानंतर काही दिवस ते काही आठवडे लागतात. दरम्यान पानांचे मथळे बघा. तुमच्या सगळ्या पानांचा मथळा ‘मुख्यपृष्ठ’ असाच आहे. लोक जे शब्द टंकतात ते मथळ्यात हवेत, आणि बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात, म्हणून तेही स्पेलिंग मजकुरात एकदा येऊ द्या. त्याच विषयावर काम करणाऱ्या दोन-तीन जणांनी तुमच्या पानाचा दुवा दिला तर त्याचा उपयोग कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त होतो. त्यांना पत्र लिहून विचारा.

प्रश्न : एका ओळखीच्या माणसाकडून संकेतस्थळ करून घेतलं होतं. त्याने काम सोडलं आणि सगळंच बंद झालं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? — दापोली

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलने नोंदवा. करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यात घेतलं तर पत्ता त्याचा होतो, मजकूर कितीही तुमचा असो. पैसे देण्याआधी नोंदणीदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते डोळ्यांनी बघा. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. दरवर्षी कार्डावरून पैसे आपोआप जातील असंही धरून चालू नका. ऑक्टोबर २०२१ पासून अशा वजावटींना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ई-मँडेट (खातेदाराने आधी दिलेली ऑनलाइन परवानगी) लागतो आणि परदेशी कंपन्यांची आपोआप वजावट त्यात अनेकदा अडते. एकदम पाच वर्षांचे भरा. जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत घेता येते.

मजकूर आणि मूळ फोटो तीन ठिकाणी हवेत : संगणकावर, बाहेरच्या डिस्कवर आणि ऑनलाइन साठ्यात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत डिस्कचे जोड गंजतात. ती सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी व दसऱ्याच्या सुमारास एकदा जोडून फाइली उघडतात का ते बघा. जुनं संकेतस्थळ इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधा. पत्ता टाकला की साठवलेल्या तारखा दिसतात, आणि निदान मजकूर तरी परत मिळण्याची शक्यता असते. नवं उभं राहिल्यावर त्याच ठिकाणी ‘सेव्ह पेज नाऊ’ या रकान्यात एकेका पानाचा पत्ता टाकून प्रत जमा करा. हे काम फुकट आहे, आणि पान बदलल्यावर पुन्हा करायचं असतं.